नको म्हणण्याची रीत

आमच्या घरात भुकेपेक्षा अब्रू मोठी होती, आणि अब्रूचा सगळा कारभार 'नको' या एका शब्दावर चालायचा. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. बाबा गिरणी बंद पडल्यावर एका औषधांच्या कंपनीत सिक्युरिटीला लागले होते. आई मालवणकडची. तिने मुंबईत अर्धं आयुष्य काढलं, पण तिची भाषा बदलली नाही आणि बिडाचा तवाही. रविवारी सकाळी त्या तव्यावर घावण्याचं पीठ पडलं की चर्र आवाज शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत जायचा. मग काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास, आणि तो वास ओळखून अगदी सहज, काही काम नसताना डोकावणारे शेजारी. आई त्यांना बसवायची. ते नको म्हणायचे. आई वाढायची. ते पानावर हात आडवा धरायचे. आई हाताच्या फटीतून वाढायची. ते "अहो वहिनी, काय हे" म्हणत चार घावणे खाऊन जायचे. कोणालाही यात काही खोटं वाटत नसे.

मलाही ते शिकवलं गेलं. दुसऱ्यांकडे जायच्या आधी आई माझी वेणी घट्ट ओढत सांगायची, "पयल्यांदा नको म्हणाचा. दुसऱ्यांदाय नको म्हणाचा. मगे घेवचा. पयल्याच फटक्यात होय म्हटलास तर लोक म्हणतले, ह्यांच्या घरात खावक गावना नाय." मी ते पाठ केलं होतं. एकदा समोरच्या हंसाबेनने हांडव्याची ताटली माझ्यापुढे धरली. तीळ लावलेला, खरपूस कडेचा हांडवो. मी डोळे मिटून गोड आवाजात नको म्हटलं. डोळे उघडले तेव्हा ताटली तिच्या पुतण्यापुढे होती. रडत घरी आले तर आई म्हणाली, "तिका आग्रह करूक येना नाय, तू काय करतलंय." म्हणजे चूक हंसाबेनची होती, रीत बरोबरच होती. मी डोळे पुसले आणि हे मान्य केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण हांडव्यावरून राजकारणाचा धडा घ्यायचं ते वय नव्हतं.

राजकारण कॉलेजात आलं. तिथे आमचं एक विद्यार्थी मंडळ होतं. त्याचं नाव लांबलचक आणि संस्कृतात होतं, ते इथे देत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून मला भाजी घेताना भेटतात. कॉलेजात दुसऱ्या संघटनाही होत्या. कोणी गेटवर डफ वाजवत, कोणी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसकण मारत. आमचं मंडळ कधी बसकण मारत नसे. आम्ही आधी वेळ मागून घेत असू. मुलं आम्हाला 'आजोबा पार्टी' म्हणायची आणि कँटीनमध्ये आम्ही आलो की एखादा कोणीतरी मुद्दाम खोकायचा. आम्हाला त्याचा अभिमान होता.

शनिवारी दुपारी पाच रस्त्याजवळच्या एका व्यायामशाळेत बैठक व्हायची. कोपऱ्यात मुद्गल, भिंतीवर मारुती, जमिनीवर सतरंजी, आणि सतरंजीला वर्षानुवर्षांच्या घामाचा वास. चपला बाहेर एका ओळीत, टाचा भिंतीकडे. आमचे मार्गदर्शक आप्पा आत येण्याआधी ती ओळ बघायचे. आप्पा म्हणजे निवृत्त शिक्षक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक खडू. निवृत्त झाल्यावरही खडू का, असं मी एकदा विचारलं. "सवय," ते म्हणाले, "आणि सवयीला नावं ठेवण्याआधी ती कशी लागली ते विचारावं." हे आमच्या मंडळाचं पहिलं तत्त्व म्हणून खपलं असतं.

तत्त्वं मात्र मला मनापासून पटली होती, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई सूड उगवायला बसली आहे. जे पिढ्यान्पिढ्या टिकलं त्यात काहीतरी शहाणपण असणार, ते मोडण्याआधी समजून घ्या. हक्काआधी कर्तव्य. सरकारकडे हात पसरण्याआधी स्वतःचे हात वापरा. घर सांभाळता येत नाही त्याने देश सांभाळायच्या गप्पा मारू नयेत. नवीन मुलांना हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी रंगवून करायचे. मी त्यांना आईच्या लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगायचे. आई बरणीत ओला चमचा घालू द्यायची नाही. का, ते सांगायची नाही. मी एकदा बंड करून ओला चमचा घातला आणि आठवड्याभरात पांढरी बुरशी वर आली. "तर मित्रांनो," मी आवाज खाली आणायचे, "परंपरा म्हणजे कोरडा चमचा." इथे हमखास टाळी पडायची. आजही मला ती गोष्ट खरीच वाटते. आजही आमच्या घरात बरणीत ओला चमचा जात नाही, सून कितीही शिकलेली असली तरी.

रचना साधी होती. प्रत्येक वर्गाला एक गटनायक, त्यांच्यावर प्रमुख, आणि प्रमुखाच्या मागे सावलीसारखे आप्पा. प्रमुख निवडायला मतदान नव्हतं. मतदानाने माणसं फुटतात, हरलेला मनात ठेवतो, जिंकलेला डोक्यावर बसतो, असं आप्पांचं मत होतं, आणि आमच्या चाळीच्या गणपतीची कार्यकारिणी पाहिलेल्या मला ते शंभर टक्के पटत होतं. मंडळात एक अलिखित नियम होता: पद मागेल त्याला पद नाही. वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत आप्पा एक नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याने उभं राहून मी लायक नाही म्हणायचं. आप्पा आग्रह करायचे. त्याने पुन्हा नाही म्हणायचं. मग सगळी सतरंजी आग्रह करायची. तिसऱ्यांदा त्याने मान खाली घालून "मंडळाची आज्ञा" म्हणायचं, आणि मग पेढे. पेढे आधीच आणलेले असायचे. आधीच्या प्रमुखाने इतका सुंदर नकार दिला होता की दोघांचे डोळे पाणावले, त्यातला एक तो स्वतः.

मला प्रमुख व्हायचं होतं. हे वाक्य लिहितानासुद्धा मान वळवून मागे कोणी वाचत नाही ना बघितलं. त्यासाठी कारण होतं, आणि ती नुसती हौस नव्हती. आमच्या घरी अभ्यास म्हणजे बाबांची रात्रपाळीनंतरची झोप, आईचा कुकर आणि शेजारच्या टीव्हीवरच्या मालिकेतली रडारड, या तिन्हींच्या मधली गोष्ट होती. मी खाटेखाली टेबललॅम्प ओढून वाचायचे. चाळीतली सगळीच मुलं अशी कुठेतरी खाली, वर, जिन्यात. जवळच्या महापालिकेच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असायचे. तिथे मुलांसाठी अभ्यासिका काढायची म्हणून मी मुख्याध्यापकांना भेटले, पुन्हा भेटले, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला जाऊन आले. शेवटी ते म्हणाले, "एक वर्ग देतो. पण जबाबदार माणूस हवा. तुमच्या प्रमुखाने येऊन बोलावं." तेव्हाचा प्रमुख "बघू" म्हणाला आणि परीक्षेत गुंतला. म्हणजे वर्ग होता, बाकं होती, दिवे होते, मुलं खाटेखाली होती, आणि मध्ये फक्त एक पद होतं. मुलगी आधी कधी प्रमुख झाली नव्हती, पण मनाई कुठेच नव्हती. आणि आप्पांनी उन्हाळ्यात दोनदा माझ्या कामाचं नाव घेतलं होतं, त्यामुळे सगळ्यांना अंदाज होताच.

मी नकाराची तयारी केली. हसू नका, सगळेच करायचे. माझी मैत्रीण अलका आप्पा व्हायची आणि मी आमच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या आरशासमोर मान झुकवायचे. ती मंडळात नव्हती, तिला हे सगळं नाटकच वाटायचं. "सरळ हो म्हण ना यार," ती म्हणायची. "हवंय तर हवंय." मी तिला मोठेपणाने समजावलं की तू डफवाल्यांकडे जा, तुला आमची संस्कृती कळायची नाही.

बैठकीच्या दिवशी मी आईची निळी इरकल नेसले. आप्पांनी घसा साफ केला, वर्षभराच्या कामाबद्दल बोलले, आणि म्हणाले, "या वर्षी प्रमुख म्हणून माझ्या मनात वैशालीचं नाव आहे." सतरंजीवर आनंदाची कुजबुज झाली. मी उठले. काय सांगू तुम्हाला, तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय होता. पदर सावरला, हात जोडले, क्षणभर मारुतीकडे बघितलं. आवाजात हवी तेवढीच थरथर. माझ्याहून मोठी, माझ्याहून लायक माणसं इथे आहेत, मला फक्त पाठीमागे राहून काम करू द्या, असं म्हटलं. आणि मान खाली घालून वाट बघत उभी राहिले.

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा. किती समज आहे मुलीत. मुलीच्या मनाविरुद्ध आपण आग्रह करायचा नाही. ती आपली रीत नाही. बस बाळ."

मी उभीच होते. कोणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. तोवर आप्पांनी गिरीशचं नाव घेतलं होतं. गिरीश आमचा गटनायक, चांगला मुलगा, आवाज मोठा, केस चापून बसवलेले. तो उठला आणि मी लायक नाही म्हणाला. आप्पांनी आग्रह केला. तो पुन्हा नाही म्हणाला. सतरंजी आग्रह करू लागली, आणि मागून एक जण मला कोपराने ढोसून म्हणाला, "तू पण कर ना गं आग्रह, गप्प काय बसलीयेस?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"घे की रे," मी म्हटलं. "किती आढेवेढे घेशील."

त्यावर सगळे हसले. गिरीशने मान खाली घातली. मंडळाची आज्ञा. पेढे. मला दोन मिळाले, त्यागाबद्दल.

आता या गाठीची गंमत बघा, आणि मी ती कित्येक रात्री खाटेवर पडून सोडवत होते. मला पद हवं होतं असं सांगावं, तर पद मागेल त्याला पद नाही. न सांगावं, तर ते मला नकोच होतं. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी गिरीशच प्रमुख होत होता. अलका म्हणाली, "म्हणजे तुमच्यात मुलाचं नको म्हणजे हो, आणि मुलीचं नको म्हणजे नको. अरे वा, निदान एक गोष्ट तरी पुरोगामी निघाली." आणि पोट धरून हसली. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही, मग तिलाच बरोबर घेऊन आप्पांच्या घरी गेले.

आप्पांनी पन्हं दिलं. अलकाने पेला उचलला, मी नको म्हटलं, त्यांनी हाताला धरून प्यायला लावलं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं: शाळेचा वर्ग, मुख्याध्यापक, खाटेखालची मुलं, आणि शेवटी, नजर पेल्यात ठेवून, की माझा नकार रीतीचा होता.

आप्पांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांना खरोखर दुःख झालं होतं, ते मला दिसत होतं, आणि त्यामुळेच मला भांडता येईना. "म्हणजे," ते हळू म्हणाले, "तू मारुतीसमोर, सगळ्यांच्या देखत, खोटं बोललीस?"

"मग गिरीश?" मी म्हटलं.

"गिरीश विनयाने बोलला, बाळ."

अलकाला पन्ह्याचा ठसका लागला. परत येताना ती हसली नाही, आणि तिच्या न हसण्याचा मला हसण्यापेक्षा जास्त राग आला.

पुढच्या रविवारी गिरीश घरी आला. त्याला माझ्याबद्दल आदर होता, अगदी डोळ्यांत दिसावा असा. त्याच्याकडे नव्या वर्षाचा कार्यक्रम होता: व्याख्यानमाला. मान्यवर वक्ते, शाल, श्रीफळ, आणि पहिल्या व्याख्यानाचा विषय 'परंपरा म्हणजे कोरडा चमचा'. तो स्वतः बोलणार होता. माझी अभ्यासिकेची कल्पनाही छान आहे, ती पुढच्या वर्षी घेऊ, असं तो म्हणाला. मी मुख्याध्यापकांकडे फक्त एकदा येशील का, दहा मिनिटं, असं विचारलं. तो बघू म्हणाला. बहुतेक तो शब्द पदाबरोबरच हातात देत असावेत.

तेवढ्यात तवा चर्र वाजला आणि आईने त्याला पाटावर बसवलं. बाबा शेजारी. वाढायला मी होते. पहिले दोन घावणे त्याने बघता बघता संपवले. मी तिसरा घेऊन गेले. त्याने पानावर हात आडवा धरला. "नको, नको. पुरे."

मला कोण आनंद झाला. असा क्षण देव माणसाला एकदाच देतो. "बरं," मी म्हटलं, आणि घावणा परत स्वयंपाकघरात घेऊन आले. पडद्याच्या फटीतून बघत राहिले. गिरीशच्या पानात वाटाण्याचं सांबारं होतं, वर नारळाच्या रसाचा तवंग होता, आणि बुडवायला काही नव्हतं. त्याने बोटाने सांबारं चाटलं. बाबांकडे बघितलं. बाबा अस्वस्थ होऊन खाकरले. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले. आता कळेल, आता समजेल याला, आग्रह न झालेला नकार कसा लागतो ते.

गिरीशने मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली. "काकू, तो घावणा आणा हो इकडे. भूक आहे अजून."

बस. एवढंच. ना लाज, ना संकोच. आई तव्यावरचा गरम घावणा उलथन्यावर घेऊन माझ्या अंगावरून धावली. एक नाही, तीन वाढले. तो जेवून गेल्यावरही तिचा चेहरा फुललेला होता. "बग," ती मला म्हणाली, "कसो आपल्या घरातल्यासारखो मागान जेवलो. गुणाचो झील."

मी पान उचलत होते. हातातलं पान मी मोरीत आदळलं आणि मग सगळंच सांगितलं, तिला आणि बाबांना. बैठक, नकार, पेढे, आप्पा. बाबा खाली बघत ऐकत होते. आई ऐकताना तवा पुसत होती. तिला मंडळ काही कळत नव्हतं, पण हवं होतं ते मिळालं नाही एवढं कळलं.

"तुका व्हया होता," ती म्हणाली, "तर मागलंस कित्याक नाय?"

"तूच शिकवलंस. पहिल्यांदा नको म्हणायचं."

"ता जेवणाचा गो," आई म्हणाली. मग थोडं थांबून, जरा हळू, जणू स्वतःलाच, "आणि मागलं असतंस तर काय म्हटले असते तुका?"

"हावरट."

तिने तवा भिंतीला उभा करून ठेवला. 

अभ्यासिका झाली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. मी एकटी मुख्याध्यापकांकडे गेले, पण त्यांना मंडळ हवं होतं, आणि मंडळाला व्याख्यानमाला. मग त्यांची बदली झाली. मी परीक्षा खाटेखालीच दिली आणि मंडळ सोडलं, म्हणजे शनिवारी जायचं बंद केलं. कोणी विचारायलाही आलं नाही. मुलगी, घरी काही असेल, असं समजून घेतलं असणार. समजून घेण्यात ती माणसं फार पुढे होती.

हे सगळं मी विसरले असते. पण गेल्या हिवाळ्यात मंडळाकडून एक मुलगा बोलवायला आला. आता मंडळाला स्वतःचा हॉल आहे, माइक आहे, चपलांना कप्पे आहेत. जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार होता. मी गेले, खरं सांगायचं तर कुतूहलाने. व्यासपीठावर गिरीश, केस गेलेले, आवाज तोच. त्याने माझी ओळख करून दिली, आणि मला कळलं की इतकी वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला माझी गोष्ट सांगितली जाते. वैशालीताई, जिने समोर आलेलं प्रमुखपद नाकारलं. निळ्या साडीसकट सांगितली जाते. आप्पांनी ती सुरू केली आणि ते गेल्यावर गिरीशने चालू ठेवली. "निःस्पृहता म्हणजे काय, ते हिच्याकडून शिका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीच थरथर होती जी मी आरशासमोर बसवली होती. मला शाल घातली. मी ती घेतली, काय करणार.

प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली, कॉलेजची असेल, खांद्याला सॅक. "ताई, एक विचारू? तुम्हाला खरंच नको होतं?"

गिरीश हसला. मी माइक जवळ ओढला. एवढी वर्षं ते वाक्य तोंडात होतं, कुठल्या कुठे झिजून गेलं असेल असं वाटलं होतं, पण नीट, स्वच्छ बाहेर आलं.

"हवं होतं," मी म्हटलं. "खूप हवं होतं."

 मग सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. गिरीश डोळे पुसत माइकवर म्हणाला, "हा विनय बघा. अजूनही स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत." टाळ्या वाढल्या. मी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, पण माइक त्याच्या हातात होता आणि तो आभार मानत होता.

नंतर बटाटेवडे आले. ताट घेऊन तीच सॅकवाली मुलगी फिरत होती. माझ्यापुढे आली, बघत राहिली, आणि ताट पुढे केलं. भोवतीच्या सगळ्यांनी माझ्या नको म्हणण्याची तयारी ठेवली होती. एक बाई तर आग्रह करायला तोंड उघडून उभी होती.

"दोन ठेव," मी मुलीला म्हटलं. "आणि चटणी पण. भूक लागली आहे."